काळी नदीकाठची चित्रसहल: गणेशगुडी-दांडेलीला रंग घेऊन जाणाऱ्यांसाठी

गणेशगुडी आणि दांडेलीला जाणाऱ्या गाड्यांतली बहुतेक माणसं राफ्टिंगला निघालेली असतात. सकाळी सफारी, दुपारी राफ्ट, संध्याकाळी सिंथेरी रॉक, रात्री शेकोटी, असा त्यांचा ठरलेला कार्यक्रम असतो. तुम्ही चित्रं काढायला जाणार असाल तर हा कार्यक्रम डोक्यातून काढून टाका. लँडस्केप करणाऱ्याला दिवसाकाठी कामाचा प्रकाश चार तास मिळतो, दोन सकाळी आणि दोन संध्याकाळी. ते चार तास जीपमध्ये गेले की राहिलेल्या भगभगीत दुपारी फोटो बघून चित्र करायचं. मग त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?

माझा सल्ला साधा आहे. नदीचं एक वळण निवडा आणि सगळी सुट्टी त्याच वळणावर काढा. चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोल्हापुरातलं कोटितीर्थ, रंकाळा आणि पंचगंगेचा काठ पुन्हा पुन्हा रंगवला. पाणी तेच, घाट तेच, चित्रं मात्र वेगवेगळ्या प्रहरांची. पुढे जे लिहिलंय ते काळीच्या काठी हे कसं जमवायचं याबद्दल आहे. मी जलरंगात काम करतो, त्यामुळे तपशील जलरंगाचे आहेत. अॅक्रिलिक किंवा तैलरंगवाल्यांनाही नदीचा आणि प्रकाशाचा भाग तसाच लागू पडेल.

आधी नदी समजून घ्या

काळी नदी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळते. गणेशगुडीजवळ तिच्यावर १०१ मीटर उंचीचं सुपा धरण आहे. धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे, तिथे प्रत्येकी ५० मेगावॅटचे दोन संच आहेत. आपण जिथे चित्र काढायला बसतो ती नदी या वीजघराच्या खालची आहे. तिचं पाणी पावसावर कमी आणि विजेच्या मागणीवर जास्त चालतं.

चित्रकाराच्या दृष्टीने याचे दोन अर्थ. पहिला जिवाचा. संच बंद असताना पात्रातले खडक उघडे पडतात, बसायला मस्त सपाट असतात, आणि समोरचं दृश्य तिथूनच सगळ्यात चांगलं दिसतं. वरून पाणी सोडलं की हेच खडक बघता बघता वेढले जातात. आभाळ निरभ्र असताना पाणी वाढतं, म्हणून नवख्या माणसाला शंकाही येत नाही. पात्रातल्या खडकावर बोर्ड मांडून बसू नका, काठावरच बसा. रोज रात्री जेवताना लॉजच्या माणसांना विचारा, ‘उद्या पाणी कधी सोडतात?’ राफ्टिंगवाल्यांना ही वेळ माहीत असते, कारण त्यांचा धंदाच त्या पाण्यावर आहे. वेळ कळली तरी बसायचं काठावरच, कारण ती बदलू शकते.

दुसरा अर्थ कामाचा. सकाळी रेखाटलेले खडक दहा वाजता दिसतीलच असं नाही. पाणी बंद असताना डोह आरशासारखा स्थिर असतो आणि प्रतिबिंबं पूर्ण पडतात. पाणी चालू असताना तिथेच फेसाच्या पांढऱ्या रेघा आणि तुटकी प्रतिबिंबं दिसतात. एकाच जागेवरून दोन वेगळी चित्रं मिळतात, पण दोन्ही एका कागदावर घुसवायला गेलात तर दोन्ही फसतात. सुरुवात करतानाच ठरवा की पाणी बंद असतानाचं चित्र करायचं की चालू असतानाचं.

कधी जायचं

जून ते सप्टेंबर जाऊ नका. पाऊस थांबत नाही, जळवा सोडत नाहीत आणि कागद वाळत नाही. नोव्हेंबरात सगळं इतकं एकसारखं हिरवं असतं की टोन (फिक्या-गडद छटा) वेगळे काढताना दमछाक होते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे नदीवर धुकं उतरतं, त्यासाठी जायलाच हवं. तरी एकच वेळ निवडायची झाली तर मी फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा मध्य निवडतो. सागाची पानं गळालेली असतात, त्यामुळे झाडांचा सांगाडा दिसतो आणि रचना सोपी होते. सावर आणि पळस फुललेले असतात, आणि कुसुमाची कोवळी पालवी तांबडीलाल असते. हिरव्याच्या सोबतीला गेरू, राखाडी आणि तांबूस मिळाल्यामुळे पॅलेटला काम मिळतं.

शनिवार-रविवार टाळा. नदीकाठी स्पीकर आणि आरडाओरडा यांत कुणालाही चित्र सुचत नाही. सोमवारी पोचून शुक्रवारी सकाळी निघणं उत्तम.

पोचायचं कसं

पुणे, सातारा, मिरज, बेळगावकडून येणाऱ्यांना गोवा एक्सप्रेसने लोंढा जंक्शन सोयीचं. तिथून गाडीने तास-दीड तासाची वाट आहे. गोव्यातून फोंडा, मोले, अनमोड घाट, रामनगर, जगलबेट असा रस्ता. धारवाडहून दांडेली साधारण ५५ किलोमीटर. भाषेची अडचण येत नाही. जोयडा आणि हल्याळ तालुक्यांत कोकणी, मराठी, कन्नड अशा तिन्ही भाषा कानावर पडतात.

लॉज निवडताना

फोटोतल्या स्विमिंग पूलकडे बघू नका. फोन करून प्रश्न विचारा. खोलीपासून नदी किती पावलांवर आहे? काठावर सावलीची, सपाट जागा आहे का? काठाचं तोंड कुठल्या दिशेला आहे, म्हणजे सकाळचं ऊन समोरच्या काठावर पडतं की आपल्या? व्हरांड्यात टेबल मिळेल का? सकाळी सहाला चहा आणि नाश्ता नऊनंतर, असं जमेल का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बऱ्याच ठिकाणी नाश्ता साडेसात-आठला आवरतात, आणि प्रकाशाची सगळ्यात चांगली वेळ नेमकी तीच असते.

कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस अॅण्ड रिसॉर्ट्सचा दांडेलीत नदीकाठी काळी अॅडव्हेंचर कॅम्प आहे, आणि गणेशगुडीत ओल्ड मॅगझिन हाऊस. दुसरं ठिकाण पक्षी बघणाऱ्यांचं आहे. तिथे झाडी अंगावर येते, पण नदीसाठी खाली उतरावं लागतं. खाजगी होमस्टे भरपूर आहेत. त्यांतले ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणवणारे काही जण झाडांच्या फटीतून चमकणाऱ्या पाण्याला नदी म्हणतात. व्हॉट्सअॅपवर काठावरून काढलेला व्हिडिओ मागवा, मगच पैसे भरा.

सामान

जितकं कमी न्याल तितकं चित्र चांगलं होतं. कागद ३०० जीएसएमचा, कोल्ड प्रेस्ड, शक्यतो शंभर टक्के कॉटन. पाव इम्पिरियल म्हणजे ११ बाय १५ इंच हा आकार बाहेर बसून करायला पुरे. अर्धा इम्पिरियल ज्यांचा हात सरावला आहे त्यांनीच न्यावा. सरावासाठी पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागदही चांगला, पण वेगवेगळ्या लॉटमध्ये तो पाणी कमी-जास्त शोषतो, म्हणून कोपऱ्यावर आधी चाचणी घ्या. दमट हवेत उघडा राहिलेला कागद टीपकागदासारखा होतो आणि वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, बसत नाही. तेव्हा सगळा कागद झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा आणि लागेल तेवढाच बाहेर काढा.

ब्रश तीन: १२ नंबरचा गोल, एक इंची चपटा आणि बारीक फांद्यांसाठी रिगर. रंग सात: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमझन, अल्ट्रामरिन, सेरुलिअन, व्हिरिडियन. पांढरा गुआश (अपारदर्शक जलरंग) थोडासा. बोर्ड, मास्किंग टेप, फवारणीची छोटी बाटली, दोन पाण्याची भांडी, जुनं पंचाचं फडकं, टोपी, घडीचं स्टूल. स्टूल विसरू नका, त्याचं कारण पुढे येतं. मोठी छत्री वाऱ्यात त्रास देते आणि रंगीत असेल तर कागदावर तिचाच रंग पडतो. तिच्याऐवजी झाडाची सावली शोधा.

पहिला दिवस: रंग बंद

पोचल्या पोचल्या रंग उघडायचा मोह आवरा. पेन्सिल आणि छोटी वही घेऊन काठाने, लॉजच्या हद्दीतच, एक फेरी मारा. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची चार-पाच टोनल स्केचेस करा. त्यांत तीनच टोन ठेवा: कागदाचा पांढरा, मधला राखाडी आणि गडद. तीन टोनमध्ये जे दृश्य उभं राहत नाही ते रंगातही राहत नाही.

नदीचं चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा रचनेत. पाणी कागदाच्या बरोबर मध्यातून आडवं गेलं की वर जंगलाची पट्टी, खाली पाण्याची पट्टी आणि बघणाऱ्याला आत शिरायला वाट नाही. म्हणून वळण हवं. नदी एका कोपऱ्यातून आत येऊन लांब काठामागे वळून दिसेनाशी होते, अशी जागा शोधा. जवळ एखादा खडक किंवा पाण्यावर वाकलेली जांभळाची फांदी असेल तर उत्तम. आकाश अगदी थोडं ठेवा, दरीत तसंही ते थोडंच दिसतं.

जागा ठरली की त्याच संध्याकाळी उद्याच्या चित्राचं पेन्सिल रेखाटन करून ठेवा. काठाची रेषा, झाडांचे मोठे आकार, दोन-तीन खडक, बस. सावल्या रेखाटू नका, त्या उद्या वेगळ्या असतील. बोर्डाला टेप लावलेला आणि रेखाटन झालेला कागद हाताशी असेल तर सकाळी फक्त रंग लावायचे उरतात. एकाच जागी राहण्याचा हा मोठा फायदा आहे.

धुक्याची सकाळ, पायरीपायरीने

जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि डोंगरामुळे पाण्यावर ऊन त्याहून उशिरा येतं. साडेसहाला जागेवर असा. धुकं नीट बघा. ते पाण्यालगत सगळ्यात दाट असतं, म्हणून समोरच्या झाडांचे शेंडे स्पष्ट दिसतात आणि बुंधे विरघळलेले असतात. पाणी आणि काठ यांच्यामधली रेघ दिसत नाही. सगळं चित्र या एका निरीक्षणावर उभं राहतं.

पहिला वॉश: कागद पूर्ण ओला करा. यलो ऑकरमध्ये क्रिमझनचा थेंब घालून अगदी फिका, उबदार वॉश आकाशाच्या खालच्या भागापासून थेट पाण्यापर्यंत उतरवा. वरच्या बाजूला अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएनाचा फिका राखाडी सोडा. मध्ये कुठेही थांबू नका, कड राहता कामा नये.

दुसरा: कागदाची चकाकी गेली पण ओल आहे, अशा वेळी लांबची झाडं त्याच राखाडीत, थोडी निळसर, शेंड्याकडून खाली लावा. बुंध्यांपाशी आलात की स्वच्छ, पिळलेल्या ब्रशने खालची कड पुसून टाका. ब्रशमध्ये पाणी जास्त राहिलं तर डाग फुलून येतात, म्हणून ब्रश दर वेळी फडक्यावर टिपा.

मग थांबा. धुक्याच्या हवेत कागद वाळायला खूप वेळ घेतो. हाताची मागची बाजू कागदाला लावून बघा. गार लागला तर आत ओल आहे. ह्या वेळात चहा घ्या.

तिसरा: मधल्या अंतरावरची बांबूची बेटं, एक टोन गडद. त्यांच्याही बुडाची कड विरघळवा, पण पहिल्यापेक्षा कमी. शेवटी जवळचा खडक आणि फांदी, पूर्ण गडद, अल्ट्रामरिन-बर्न्ट सिएना घट्ट कालवून, जेमतेम दहा-बारा फटकाऱ्यांत. धुक्याच्या चित्रात गडद रंग एकाच ठिकाणी असावा. तो आणखी दोन ठिकाणी लावायची हुक्की आली की ब्रश खाली ठेवा.

पाणी

पाण्याला स्वतःचा रंग जवळपास नसतोच. लांबचं पाणी तिरक्या नजरेने दिसतं म्हणून आकाश आणि झाडी परावर्तित करतं. पायाशी आपण जवळजवळ सरळ खाली बघतो म्हणून तळ दिसतो. त्यामुळे लांब फिका निळा-हिरवा आणि पुढे येता येता मातकट सोनेरी, असा उतार वॉशमध्येच घ्या.

प्रतिबिंबांचे नियम थोडे आहेत, पण ते मोडले की चित्र खोटं दिसतं. प्रतिबिंब वस्तूच्या सरळ खाली पडतं, सावलीसारखं तिरकं नाही. गडद वस्तूचं प्रतिबिंब किंचित फिकं आणि फिक्या वस्तूचं किंचित गडद असतं. उंचावरून बघताना खडकाचा माथा आपल्याला दिसतो, प्रतिबिंबात मात्र त्याची पाण्याकडची बाजू जास्त दिसते; म्हणून वरचं चित्र उलटं करून खाली छापू नका. प्रतिबिंब ओल्यावर उभ्या फटकाऱ्यांनी लावा आणि वाळायच्या आत कोरड्या चपट्या ब्रशने एक-दोन आडव्या रेघा उचला. वाऱ्याची झुळूक आली की डोहावर जो फिका पट्टा सरकतो, तोच हा.

फेसाळ पाण्यासाठी कोरा कागद सोडणं हाच मार्ग. मास्किंग फ्लुइड (कागद कोरा ठेवायला लावून नंतर सोलून काढायचं द्रव) वापरायचंच असेल तर उन्हात तापू देऊ नका, ते कागदाला धरून बसतं आणि काढताना पापुद्रा निघतो. गुआश चार-दोन शिंतोड्यांपुरता.

हिरव्याचा प्रश्न

सॅप ग्रीन ट्यूबमधून थेट लावला की जंगल प्लॅस्टिकचं होतं. हिरवा कालवून घ्या. उन्हातल्या बांबूला लेमन यलोमध्ये नावाला सेरुलिअन. सावलीतल्या झाडीला अल्ट्रामरिन, यलो ऑकर आणि चिमूटभर बर्न्ट सिएना. लांबच्या डोंगराला निळा वाढवा आणि क्रिमझनने हिरवेपणा मारा. व्हिरिडियन एकटा लावायचा नाही; क्रिमझनमध्ये मिसळला की खडकाच्या सावलीसाठी सुंदर काळपट मिळतो.

पानं मोजू नका, झाडाची चाल बघा. बांबू कमानीसारखा वाकतो. ऐनाचं खोड सरळ जातं आणि त्याची भेगाळलेली साल मगरीच्या पाठीसारखी असते, ती कोरड्या ब्रशने एका ओढीत निघते. फेब्रुवारीतल्या उघड्या सागाला रिगरच्या फांद्या थोड्या आणि मोठ्या, लोंबत्या वाळक्या पानांचे दोन-तीन तुकडे पुरतात.

दुपार आणि संध्याकाळ

अकरा ते तीन ऊन डोक्यावर असतं, सावल्या नाहीत, आकार नाहीत. जेवा, झोपा, व्हरांड्यात बसून एका फांदीचा किंवा दगडाचा अभ्यास करा. मार्चमधल्या कोरड्या हवेत वॉश मिनिटा-दोन मिनिटांत वाळतो, तेव्हा फवारणीची बाटली कामी येते.

संध्याकाळच्या चित्राला साडेतीनलाच बसा. सूर्यास्त सहाच्या पुढे असला तरी दरीतलं ऊन बरंच आधी जातं. डोंगराची सावली पाण्यावर सरकत येते. ती तुमच्या दृश्याच्या साधारण निम्म्यात आली की तिची कड कागदावर पक्की करा आणि नंतर ती कितीही हलली तरी बदलू नका.

सफारी करायचीच असेल तर एखादी करा, पण रंग नेऊ नका. दांडेली अभयारण्य आणि अंशी राष्ट्रीय उद्यान मिळून झालेल्या काळी व्याघ्र प्रकल्पात गाडीतून उतरता येत नाही. परत आल्यावर आठवणीतून एक चित्र करा. धनेश मात्र लॉजमधूनही दिसतात. मोठा धनेश उडताना पंखांचा आवाज आधी येतो. चित्रात त्याला घालायचा झाला तर आकाशात एक गडद ठिपका पुरे.

जंगलात बसण्याचे नियम

पालापाचोळ्यावर मांडी घालून बसू नका, स्टुलावर बसा. कोरड्या महिन्यांत गोचिडी असतात. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या वाचकांना माकडताप नव्याने सांगायला नको; गोचिडीतून पसरणारा हा आजार उत्तर कन्नड जिल्ह्यातही आढळतो. लांब पँट मोज्यात खोचा, खोलीवर आल्यावर अंग तपासा, आणि परतल्यावर आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

दांडेलीच्या आसपास नदीत मगरी आहेत. पाण्याशी वाकून ब्रश धुवायला किंवा भांडं भरायला जाऊ नका, पाणी लॉजमधूनच घ्या. रंगाचं पाणीही नदीत ओतायचं नाही. कॅडमियम आणि कोबाल्टचे रंग विषारी असतात. ते पाणी बाटलीत भरून परत आणा. ट्यूब उघड्या टाकून उठू नका, माकडं नेतात. तीव्र वासाचं अत्तर नको, मधमाश्या येतात. अंधार पडल्यावर काठावर थांबायचं नाही.

गटाने जात असाल तर सहा-आठ जण पुरेत. शिकवणारे सोबत असतील तर त्यांनी सकाळी एकच प्रात्यक्षिक द्यावं आणि तेही छोटं. दीड तासाचं प्रात्यक्षिक म्हणजे सगळ्यांची सकाळ एका माणसाच्या चित्रात गेली. चित्रांवर बोलणं रात्री जेवणानंतर, पांढऱ्या दिव्याखाली. पिवळ्या बल्बखाली निळे रंग मळकट दिसतात आणि माणसं उगाच सुधारणा करत बसतात.

परत निघताना

चित्रं गुंडाळू नका. दोन चित्रांमध्ये बटर पेपर, वरखाली जाड पुठ्ठा, कडेने टेप. मऊ दिसणारा कागद आदल्या रात्री पंख्याखाली ठेवा. घरी पोचल्यावर त्याच दिवशी गठ्ठा सोडा, नाहीतर आत अडकलेल्या ओलीने बुरशीचे तांबूस ठिपके येतात. बांधण्याआधी प्रत्येक चित्रामागे पेन्सिलीने जागा, तारीख, वेळ आणि पाणी चालू होतं की बंद, हे लिहून ठेवा. ही नोंद घरी आठवून लिहिता येत नाही.